ज्या चौकात चिली विकली जायची, तिथं आता नगरपालिका आहे

मंडळी, आधी एक कबुली देतो, मग मुद्द्यावर येतो.

चार वर्षांपूर्वी बसस्थानकासमोरची अतिक्रमणं निघाली तेव्हा बातमी मीच दिली होती. मथळाही माझाच होता : ‘बसस्थानक परिसराने घेतला मोकळा श्वास’. डेस्कवरच्या लोकांनी एक शब्द न बदलता छापला, त्याचा तेव्हा आनंदही झाला होता. बातमीसोबत फोटो होता. जेसीबी, त्याची सोंड आणि सोंडेखाली उलटं पडलेलं एक मोठं पातेलं. ते पातेलं कुणाचं हे मला पक्कं माहीत होतं. आक्काचं. त्या पातेल्यातला काळ्या मसाल्याचा रस्सा आणि वजडी मी पंधरा वर्षं खाल्ली होती, कैक वेळा उधारीवर. बातमीत मात्र मी लिहिलं, ‘अनधिकृत खाद्यपदार्थ विक्रेते’. झालं. आक्का एका शब्दात संपली.

आता त्याच जागेवर आपली नगरपरिषद ‘खाऊगल्ली’ काढतेय. आराखडा सूचना फलकावर लागलाय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघावा. रंगीत चित्र आहे, फरशी आहे, दिवे आहेत, सेल्फी पॉइंट आहे. गाळ्यांचा लिलाव होणार आहे. आणि प्रवेशद्वारावर कमान असेल, तिच्यावर लिहिणार आहेत : ‘आपल्या मातीची चव’. लिलावाच्या अनामत रकमेचा आकडा मी आक्काला सांगितला तर ती हसली. म्हणाली, “एवढं असतं तर म्या कशाला रस्सा इकला आस्ता?”

हे सगळं मनात घोळत होतं, पण त्याला तोंड फुटलं ते भलतीकडंच. अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात, गोमांसाच्या एका भांड्यासमोर.

धाकटा भाऊ तिकडं नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात महिनाभर त्याच्याकडं गेलो होतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. घराणं मूळ मेक्सिकन, पण चार-पाच पिढ्या तिथंच गेलेल्या. “आम्ही सरहद्द ओलांडून आलो नाही, सरहद्दच आमच्या अंगावरनं गेली,” असं ते म्हणतात, आणि तिकडं ही म्हण बऱ्याच जणांच्या तोंडी आहे. भावाची पोरं त्यांना ‘अबुएलो’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये आजोबा. मी पत्रकार आहे म्हटल्यावर अबुएलोंनी पहिलं काम काय केलं असेल, तर मला रविवारी सकाळी स्वयंपाकघरात नेऊन सुरी हातात दिली. म्हणाले, चिली कशी करतात ते लिहून घे, तुमच्याकडचे लोक तिच्यात राजमा घालतात असं ऐकलंय.

चिली म्हणजे नुसती मिरची नव्हे. तिचं पूर्ण नाव ‘चिली कॉन कार्ने’, मिरची आणि मटण. जगभर हॉटेलांत मिळते ती खिमा, टोमॅटो आणि राजमा घातलेली. टेक्सासच्या माणसासमोर तिला चिली म्हणालात तर तो तुमच्याकडं तसंच बघेल, जसं आपण तांबड्या रश्श्यात साखर घालणाऱ्याकडं बघू. त्यांच्याकडं चिलीत तीनच गोष्टी बोलतात : गोमांस, सुकी मिरची, जिरं. लसूण सोबतीला. बाकी सगळी भर.

आता पाककृती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्यांना गोमांसाचं नाव वाचवत नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून द्या, राग नाही.

सव्वा किलो मांस, गाईच्या खांद्याचं. खांदा का, तर तो चालणारा भाग, त्यात नसा आणि पडदे जास्त. घाईनं शिजवलं तर चप्पल, तीन तास दिले तर लोणी. खिमा करायचा नाही, सुरीनं अर्ध्या-पाऊण इंचाचे तुकडे करायचे. मी मोठे केले तर अबुएलोंनी ताट माझ्याकडं परत सरकवलं. मिरच्या तीन जातींच्या. ‘अँचो’ ही तळहाताएवढी, काळसर, सुरकुतलेली. तिखट बेताची, वास मनुक्यासारखा. अशा सहा. ‘ग्वाहियो’ लालभडक, गुळगुळीत सालीची, चार. आणि ‘आर्बोल’ बारीक, आपल्या लवंगीची बहीण, दोन-तीन. देठं काढायची, बिया झटकायच्या, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायच्या. इथं सगळा खेळ काही सेकंदांचा आहे. वास सुटला की उचलायची. काळी पडली की कडू झाली, आणि कडूपण नंतर कशानंच जात नाही. मग गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालून गुळगुळीत वाटायची. भिजवलेलं पाणी फेकायच्या आधी बोट बुडवून चाखायचं. कडू नसेल तर वापरायचं, असेल तर मोरीत.

जाड बुडाच्या भांड्यात चरबी वितळवायची, तेल नाही. मांस तीन-चार हप्त्यांत तांबूस भाजायचं. सगळं एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि मांस भाजत नाही, उकडतं. ही चूक मी घरी मटण करताना वीस वर्षं करत आलोय हे तिथं कळलं. मग ठेचलेला लसूण आठ पाकळ्या, भाजून कुटलेलं जिरं दोन चमचे, मेक्सिकन ओरेगॅनो चिमूटभर, मिरचीचं वाटण, मीठ, मांस बुडेल एवढं पाणी. आणि मंद आच. अडीच-तीन तास. मध्ये मध्ये ढवळायचं, पाणी आटलं तर गरम पाणी घालायचं, आणि बाकी गप्पा मारायच्या.

शेवटी ते एक पीठ पाण्यात कालवून ओततात. ‘मासा’ म्हणतात, पण माशाचा काही संबंध नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेलं पीठ. त्यानं रस्सा दाटतो आणि त्याला एक भाजक्या धान्याचा वास येतो. मी तोंडात घातलं आणि एकदम म्हणालो, “येसूर!” भावाला हसू आवरेना. आपल्याकडं आमटीला येसूर लावतात, भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, तेच काम. हजारो मैलांवर दोन बायांना रस्सा पातळ होण्याची तीच अडचण आली आणि दोघींनी त्याचा तोच उपाय काढला.

आणखी एक गंमत. मिरची मुळात त्यांची. मेक्सिकोकडची ही वस्तू पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. आणि जिरं इकडचं, जुन्या जगातलं, स्पॅनिश लोकांबरोबर तिकडं गेलं. म्हणजे त्या भांड्यात मिरची घरची होती आणि जिरं पाहुणं. आपल्या भांड्यात बरोबर उलटं. ‘आपल्या मातीची चव’ असं कमानीवर लिहिणाऱ्यांनी एवढं एकदा बघावं, माती कुणाची ते ठरवताना उपयोगी पडेल.

तीन तासांच्या गप्पांत अबुएलोंनी जे सांगितलं त्यासाठी ही पोस्ट आहे. त्यांच्या आईच्या लहानपणी शहरातल्या चौकांत संध्याकाळी चिलीवाल्या बायका बसायच्या. मला ती घरगुती आठवण वाटली. पण नंतर मी तिथल्या वाचनालयात बसलो तर ती शहराच्या इतिहासातली मोठी गोष्ट निघाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियोच्या लष्करी चौकात, मिलिटरी प्लाझात, दिवसा भाजीपाला, गवत, लाकूडफाटा यांचा बाजार असायचा. दिवस मावळला की बायका यायच्या. बहुतेक मेक्सिकन वंशाच्या, गरीब घरच्या. चिली घरीच शिजवलेली असायची. ती गाड्यावरनं आणायची, चौकात निखाऱ्यावर गरम ठेवायची, लाकडी टेबलं मांडायची, रंगीत काचांचे कंदील टांगायचे. एका डाइमला, म्हणजे दहा सेंटला, चिली आणि टॉर्टिया, म्हणजे त्यांची भाकरी. खाणारे कोण? गाडीवान, गुराखी, शिपाई, नाटकाला आलेले श्रीमंत लोक, रेल्वेनं आलेले प्रवासी. एकाच बाकड्यावर. घरचं सगळं कुटुंब कामाला लागलेलं असायचं. पुरुष गाडी ओढायला, म्हातारी मिरच्या वाटायला, पोरं पाणी भरायला. लोकांनी या बायकांना नाव दिलं, ‘चिली क्वीन्स’. चिलीच्या राण्या.

राणी म्हणणं सोपं असतं. वर्तमानपत्रांनी आणि प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांनी त्यांच्यावर रकाने भरले. कंदिलाच्या उजेडातले डोळे, केसांतलं फूल, त्यांचं हसणं. आणि त्याच दमात रश्श्याबद्दल शंका, मांस कसलं असेल, हात स्वच्छ असतील का. म्हणजे बाई छान आणि पातेलं घाण. कुणी असं लिहिलेलं मला सापडलं नाही की पहाटे कितीला उठायच्या, नफा किती उरायचा, पावसात काय करायच्या. माझ्या व्यवसायाचा हा जुना आजार आहे. मी त्यातलाच.

१८८९ साली त्या चौकात शहराच्या नगरपालिकेची इमारत बांधायला घेतली. बरोबर चौकाच्या मधोमध. राण्या उठल्या, शेजारच्या चौकांत गेल्या. तिथनंही उठल्या, आणखी पुढच्या चौकात. ती इमारत आजही आहे, मी तिच्या पायऱ्यांवर बसून आलो. चांगली दगडी इमारत आहे, खोटं कशाला बोलू. पण चिलीचा वास जिथनं जगभर गेला त्या जागी आता जन्ममृत्यूच्या दाखल्यासारखी गार हवा आहे.

आणि वास जगभर गेला कसा तेही बघा. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती, म्हणजे आपल्याला ते शिकागो ठाऊक आहे. तिथं सॅन अँटोनियोच्या चिलीचा ठेला लागला होता. चौकातल्या बायकांना उठवून चारच वर्षं झाली होती, आणि त्यांचा पदार्थ शहराची शान म्हणून शिकागोत मांडला होता. त्याच दशकात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसानं, जवळच्याच न्यू ब्राउनफेल्स गावात, सुक्या मिरच्यांची पूड करून बाटलीत भरली. पुढं कारखाना झाला, डबाबंद चिली आली. त्याला मी नावं ठेवत नाही. माणूस उद्योगी होता. एवढंच म्हणतो, की बाटलीवर त्याचं नाव राहिलं आणि ज्यांच्या हातची चव बाटलीत उतरली त्यांची नावं कुठल्या कागदावर शोधायची हे इतिहासकारांनाही जड जातं.

शेवटचा घाव १९३० च्या दशकातला. आरोग्य खात्यानं सांगितलं, चौकात अन्न विकायचं तर हॉटेलासारखी स्वच्छता पाहिजे. भांडी धुवायला व्यवस्था पाहिजे, झाकलेली जागा पाहिजे. आता नीट ऐका, ही मागणी चुकीची नव्हती. रोगराई खरी होती. क्षयरोगानं त्या शहराच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन वस्त्या पोखरल्या होत्या. पण नळ कुणी द्यायचा? गटार कुणी काढायचं? हॉटेलवाल्याकडं नळ होता म्हणून तो स्वच्छ, चौकातल्या बाईकडं नव्हता म्हणून ती घाण. मध्ये एका महापौरानं, मॉरी मॅव्हरिक त्यांचं नाव, १९३९ च्या सुमारास नियम घालून त्यांना परत आणायचा प्रयत्न केला. तो टिकला नाही. १९४० चं दशक सुरू होता होता राण्या संपल्या.

मग काय झालं? १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळानं ठराव करून चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ जाहीर केलं.

हे वाचलं आणि मी वाचनालयात पुस्तक मिटलं. मला आपली कमान दिसली. ‘आपल्या मातीची चव’.

मधल्या काळात चिली पुरुषांच्या हाती गेली हे जाता जाता सांगतो, कारण मजेशीर आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या घरच्या चिलीची कृती लोक इतकी मागायचे की त्यांच्या पत्नीला ती कार्डावर छापून ठेवावी लागली. आणि तिच्यात टोमॅटो होते! कुणाची हिंमत झाली नाही बोलायची. १९६७ साली मेक्सिकोच्या सीमेजवळ टर्लिंग्वा नावाच्या ओसाड खाणगावात चिलीची पहिली गाजलेली स्पर्धा झाली. स्पर्धक दोन, विक फाउलर आणि एच. ॲलन स्मिथ, दोघेही पुरुष, आणि दोघेही आमच्याच व्यवसायातले, लेखणीवाले. सामना बरोबरीत सुटला. आजही त्या गावात स्पर्धा होतात आणि नियमच आहे, चिलीत राजमा चालणार नाही. राजमा वेगळ्या वाटीत. खरं तर चौकातल्या बायकाही तो शेजारीच वाढायच्या. म्हणजे नियम त्यांचा, पंच दुसरेच.

आता आपल्याकडं येतो.

परत आल्यावर मी चिली घरी केली. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन गाईबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वादात आज शिरत नाही, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे आणि मला त्यावर मत नाही असंही नाही. घरी बोकडाच्या मटणाची केली. अँचोच्या जागी ब्याडगी, रंगासाठी. तिखटासाठी संकेश्वरी दोन. आणि माशाच्या पिठाच्या जागी अर्थातच येसूर. दीड तासात झाली. चांगली झाली. अबुएलोंना व्हिडिओवर दाखवली तर म्हणाले, छान कालवण आहे, तुमच्यात त्याला काय म्हणतात?

मग एका मित्राच्या घरी म्हशीच्या मटणाची केली. म्हशीच्या मटणाला आपल्या राज्यात बंदी नाही, २०१५ नंतरही नाही. मित्र सरकारी नोकर आहे, कायदा मला शिकवेल इतका त्याला पाठ. तरी मांस भांड्यात पडायच्या आधी तो उठला आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. बोलला काही नाही. मीही विचारलं नाही. तीन तास आम्ही बंद खिडकीच्या खोलीत मिरचीच्या धुरानं खोकत बसलो.

त्याच्या आईनं चाखली. म्हणाली, “बरी हाय. पर आमच्या चान्यांची सर न्हाई.” चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून ठेवलेल्या. पावसाळ्यात कामधंदा नसला की त्या शिजायच्या. तिनं मग तासभर सांगितलं, कुठला भाग कसा, चरबी कशी साठवायची, काय भाजायचं, काय उकडायचं. टेक्सासमध्येही सांगतात की गुराखी वाळवलेलं मांस, चरबी आणि मिरची कुटून विटा पाडायचे आणि वाटेत त्या पाण्यात उकळायचे. ही गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली, “मंग त्यांच्यात बी गरिबी आसंल.” शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मराठवाड्यातल्या याच ताटाबद्दल आहे, २०१५ सालीच आलं. आपल्या वाचनालयात नव्हतं, मी आणून दिलंय. मित्राच्या आईला वाचता येत नाही, पण तिला जे माहीत आहे ते पुस्तक व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं, हे आपण शिकलेल्यांनी खाली मान घालून ऐकण्यासारखं आहे.

आणि तुम्ही म्हणाल, तू मोठा शहाणा, तुझं काय? सांगतो. सॅन अँटोनियोतनं रात्री आईला फोन केला. आई माळकरी, आषाढी-कार्तिकी चुकवत नाही. तिनं विचारलं, “काय खाल्लंस रे आज?” मी म्हणालो, मटण. खोटं नव्हतं, अपुरं होतं. “जपून रं बाबा, तिकडं कायबी घालत्यात,” म्हणाली. परवा ही पोस्ट लिहायच्या आधी तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ तुळशीकडं बघत बसली. मग म्हणाली, “गावाला सांगायच्या आधी मला सांगितलंस, तेवढं बरं केलंस.” दोन दिवस माझं ताट वेगळं वाढत होती. कालपासून पुन्हा तिच्या शेजारी पान मांडलंय. यात मी काही जिंकलो असं नाही आणि ती चुकली असं तर मुळीच नाही. कुणी काय खावं यावर माझं आणि तिचं एकमत होणार नाही. पण आक्काच्या जागेवर झालं. तीच म्हणाली, “त्या बाईला उठवली तवा तू कुटं व्हतास?” फोटोच्या मागं होतो, आई.

तर मुद्दा. नगरपरिषदेचं म्हणणं तीन गोष्टींवर उभं आहे : स्वच्छता, वाहतूक, शहराचं सौंदर्य. पहिल्या दोन मला मान्य आहेत. आक्काच्या गाडीमागं खरकटं सांडायचं, कुत्री यायची, मी स्वतः बघितलंय. एस.टी. वळवताना चालक शिव्या द्यायचे तेही खरं. पण चार वर्षांपूर्वी तिथं सार्वजनिक नळ किती होते? एकही नाही. कचऱ्याचा डबा? नाही. आक्का पाण्याचे हंडे समोरच्या लॉजमधनं विकत घ्यायची. घाण केली म्हणून उठवलं, आणि स्वच्छ राहायला जे लागतं ते आता येतंय, लिलावात बोली लावणाऱ्यांसाठी.

कायदा काय म्हणतो बघा. पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा २०१४ चा कायदा आहे. आधी सर्वेक्षण करायचं, सगळ्या विद्यमान विक्रेत्यांची नोंद घ्यायची, प्रमाणपत्रं द्यायची. ते पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. आणि हे सगळं ठरवायला नगर पथविक्रेता समिती, जिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका. आपल्याकडच्या समितीच्या बैठकीला गेलेली एकही विक्रेती मला अजून भेटली नाही. कुणी असाल तर मला फोन करा, मी ही ओळ काढून टाकतो आणि जाहीर माफी मागतो.

मी गाळ्यांना विरोध करत नाही. गाळे होऊ द्या, दिवे लागू द्या, सेल्फीही काढू. माझं म्हणणं एवढंच, की चार वर्षांपूर्वी जे तिथं होते त्यांची यादी आधी करा. अवघड नाही, माझ्याच बातमीच्या फोटोत नऊ गाड्या मोजता येतात. त्यांना जागा लिलावाशिवाय द्या, भाडं दिवसाचं ठेवा, महिन्याचं नको, कारण त्यांचा हिशोब दिवसाचा असतो. नळ आणि गटार आधी करा, कमान नंतर. आणि खाऊगल्लीत काय विकायचं याची जी यादी आराखड्यात जोडलीय, तिच्यात मिसळ, थालीपीठ, पुरणपोळी सगळं आहे. वजडी नाही, मुंडी नाही, पाया नाही, सुकट-भाकरी नाही. ती यादी कुणी केली, कुठल्या स्वयंपाकघरात बसून केली, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलंय. उत्तर आलं की इथं टाकतो.

मुख्याधिकारी साहेब बोलायला चांगले आहेत. मी त्यांना चिलीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “तिथल्या त्या बायकांचं पुढं पुनर्वसन झालं का?” मी म्हणालो, नाही साहेब, त्यांच्या नावानं उत्सव भरवले. ते हसले नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेतलं. चांगली खूण समजतो.

हरकती द्यायची मुदत येत्या बुधवारी संध्याकाळी संपतेय. साध्या कागदावर अर्ज चालतो. मी मसुदा करून झेरॉक्सच्या दुकानात ठेवलाय, फक्त नाव आणि सही घाला. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठाही चालतो, आवक-जावक खिडकीवर मी विचारून आलोय. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. बुधवारी अकरा वाजता आम्ही काही जण एकत्र जाणार आहोत. आक्का येणार आहे. पातेलं आणू नकोस असं मी तिला दोनदा सांगितलंय, पण ती ऐकेल असं काही दिसत नाही.